पुढची शाल्मली

मुलगी बघायला जावं तशी मंडळी स्वतःचीच मुलगी बघायला निघाली होती. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. बाबा एसटीच्या आगारातून अर्धी रजा टाकून आले होते. नर्मदाआत्याने कागदाच्या पुडीत रामाचा अंगारा घेतला होता. तो लावायचा कुणाच्या कपाळाला, हे तिलाही सांगता आलं नसतं. कारण जिला बघायचं ती काचेच्या पडद्यात बसणार होती, आणि खरं म्हणजे अजून घडायचीच होती.

जी घडायची होती तिचं नाव शाल्मली. आणि जी सगळ्यांच्या मागून, ओले तळहात ओढणीला पुसत चालली होती, तिचंही नाव शाल्मलीच.

वैद्यकीय प्रवेशपरीक्षा झाली, गुण आले, ते काठावरचे का होईना पण पुरेसे आले. आता कोणकोणत्या कॉलेजांना अर्ज करायचा आणि कुठलं नाव वर घालायचं, एवढंच उरलं होतं. आईवडलांच्या काळी हे काम शेजारच्या शहाण्या माणसाला विचारून होई. आता त्यासाठी फलटणच्या प्रवेशकेंद्रात ‘पुढची’ भेटायची.

सरकारी कागदावर तिचं नाव ‘भविष्यदर्शी प्रतिमान’. लोकांनी ते पहिल्याच वर्षी टाकून दिलं. गोष्ट अशी होती, की शाल्मलीच्या पिढीतल्या पोरांच्या मनगटाला शाळेत जाऊ लागल्यापासून एक पट्टा असे. त्याच्या पोटातून हिरवा उजेड कातडीवर पडायचा. रक्त तो उजेड शोषतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड किंचित कमी व्हायचा, आणि त्यावरून नाडी कळायची. बोलताना हाडांतून येणारी थरथरही पट्टा टिपायचा. कशाने मूल खुलतं, कशाने कंटाळतं, कशाला घाबरतं, हे वर्षानुवर्षं साठत जायचं. दुसरीकडे प्रत्येक कॉलेजची हकिकत यंत्राकडे होती: तिथले गुरुजी, वॉर्ड, वसतिगृह, आणि आजवर गेलेली मुलं तिथून कशी होऊन बाहेर पडली. यंत्र त्या मुलाची प्रतिकृती त्या कॉलेजात सोडायचं आणि सहा वर्षं तासाभरात हजारो वेळा जगवून पाहायचं. सगळ्यांत जास्त वेळा जे माणूस तयार होई, ते पडद्यावर येऊन बसायचं. त्याच्याशी बोलता यायचं.

“आधी कुठली बघायची?” केंद्रातल्या रेश्मा मुलाणी मॅडमनी विचारलं. “पुण्याची, कोल्हापूरची की राजूरची?”

“राजूरची,” शाल्मली म्हणाली. ती इतकी पटकन म्हणाली की बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

राजूरचं सह्याद्री लोकवैद्यक महाविद्यालय डोंगरात होतं. तिथे पहिल्याच वर्षापासून मुलांना वाड्यावस्त्यांवर घरं वाटून देत. ती घरं सहा वर्षं तुमची. त्या घरातलं बाळंतपण, पडसं, म्हातारपण, भांडण, सगळं ऐकायचं, आणि त्यातून वैद्यक शिकायचं. शाल्मलीने नववीत त्या कॉलेजबद्दल ऐकलं आणि तेव्हापासून दुसरं काही तिच्या मनात भरलंच नव्हतं.

पडदा उजळला. पंचविशीची बाई बसलेली. तोच हनुवटीवरचा तीळ, तेच रुंद कपाळ, वर चष्मा.

“किती वाळलीये,” आई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

“अहो वहिनी, ती अजून जेवलेलीच नाही,” आत्या म्हणाली. “सहा वर्षं तासाभरात. जेवायला वेळ कुठला?”

मुलाणी मॅडमनी पुढचीसमोर एक रुग्ण सोडला, अर्थात तोही यंत्राचाच. पागोटेवाला म्हातारा येऊन टेकला. “त्याचं असं झालं डॉक्टरीणबाई, आवंदा आमच्या म्हशीला पारडू झालं, तवापासनं माझ्या छातीत…” इथवर ऐकेपर्यंत पुढचीच्या पापण्या जड झाल्या. म्हातारा पारडावरून थोरल्या सुनेकडे वळला तेव्हा तिने जांभई दाबली. तो छातीपाशी परत आला तोवर तिची मान छातीवर आली होती.

मुलाणी मॅडमनी रुग्णाला पडद्यावरून उठवलं.

“बहुतेक वेळा असंच झालंय,” मुलाणी मॅडम हळूच म्हणाल्या. “कुणी सविस्तर बोलायला लागलं की हिची नाडी मंदावते. फार जुनी आणि फार पक्की सवय आहे, असं यंत्र म्हणतं. राजूरला ही टिकायची नाही, आणि अहवाल तर अर्जाबरोबरच जातो. पुण्याचं मात्र चौऱ्याण्णव टक्के जुळतंय.”

पुण्याची चैतन्य यंत्रशल्य संस्था म्हणजे काचेच्या खोलीत बसून यंत्राच्या हातांनी शस्त्रक्रिया करायची जागा. रुग्ण झोपलेला येतो आणि झोपलेलाच जातो. एवढं जुळत असेल तर ते येत्या सोमवारपर्यंत जागा पक्की करून देत होते, गुणांची चढाओढ नाही, काही नाही.

अहवालाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. विश्रांतीच्या वेळी हृदयाचे ठोके अधूनमधून थांबतात, हे थांबणं वर्षभरात वाढलं आहे, कष्टाची नेमणूक टाळावी.

ती ओळ वाचून आईचा चेहरा उतरला. त्याच दुपारी शाल्मलीला घेऊन सगळे नेहमीच्या डॉ. सस्त्यांकडे गेले. सस्त्यांनी आलेख काढला, तिला जिने चढायला लावले, पुन्हा आलेख काढला आणि हसून म्हणाले, “घोड्याचं काळीज आहे. यंत्राला सांगा, तूच तपासून घे.”

*

घरी आल्यावर बाबा दोनदा म्हणाले, “पुणं काही वाईट नाही.” तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा शाल्मलीने मान हलवली.

“बरोबरच असेल बाबा,” ती म्हणाली. “मला वाटत होतं मला माणसांचं ऐकायला आवडतं. पण वाटणं वेगळं आणि नाडी वेगळी. वर्गातही मी गप्पच असते.”

“अगं पण येत्या एकादशीला पेटीवर तूच बसणार ना?” आत्याने विचारलं.

“तू दुसरं कुणीतरी बघ, आत्या.”

नर्मदाआत्या नारदीय कीर्तन करायची. भावजय म्हणायची, बाईला नवरा मिळाला नाही, झांज मिळाली. आत्या म्हणायची, झांज तरी सांगितलेल्या वेळी वाजते. शाल्मली नऊ वर्षांची झाल्यापासून आत्याच्या मागे पेटीवर होती. आख्यान रंगात आलं की आत्या मध्येच एखादा शब्द सोडून द्यायची, आणि शाल्मली तो सुरात उचलायची. दोघींचं असं होतं. म्हणून “दुसरं कुणीतरी” ऐकल्यावर आत्या उठली. ती देवघरात गेली, घटकाभर बसली, आणि बाहेर येऊन म्हणाली, “उद्या मला परत घेऊन चला त्या पोरीकडे. मला तिच्याशी बोलायचंय.”

“कुठल्या पोरीकडे?”

“पडद्यातल्या. माझी भाची माझ्यासमोर झोपते म्हणजे काय? बघतेच.”

*

दुसऱ्या दिवशी आत्या पडद्यासमोर मांडी घालून बसली, खुर्ची बाजूला सारून. मुलाणी मॅडमनी पुढचीला जागं केलं.

“नमस्कार, आत्या,” पुढची म्हणाली.

“दीर्घायुषी हो. ऐक आता.” आणि आत्याने सुदाम्याचं आख्यान लावलं. झांज नाही, तबला नाही, केंद्राच्या पंख्याच्या घरघरीवर. सुदाम्याची बायको शेजारणींकडून पोहे उसने आणते तिथवर पुढचीने तग धरला. सुदामा वेशीबाहेर पडला आणि ती मान टाकून झोपी गेली. आत्या हटली नाही. तिने सुदाम्याला द्वारकेला नेलं, कृष्णाला सिंहासनावरून अनवाणी धावत आणलं, पोह्यांची पुरचुंडी सोडवली. बाहेर रांगेत बसलेल्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलाणी मॅडमचे डोळे भरून आले. शेवटी आत्याने हात जोडले आणि थांबली.

ती थांबली त्या क्षणी पुढचीने डोळे उघडले, मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, “वा बाई, आज रंग भरला हो.”

आत्या तोंड उघडं ठेवून बघत राहिली. मग तिने शाल्मलीकडे पाहिलं. शाल्मलीच्या हाताने तोवर आपोआप मनगटावरचा पट्टा धरला होता.

“दत्तूनाना,” शाल्मली म्हणाली.

आत्या जी हसत सुटली ती भिंतीला टेकून हसली. बाबांना काही कळेना.

झालं होतं ते असं. गादीमागे बसणाऱ्याने अंगावर घड्याळ, पट्टा असलं काही ठेवायचं नाही, हा आत्याच्या गुरूंचा नेम. नारदाच्या गादीजवळ वेळ मोजायची नाही. आणि शाळेचा नेम असा, की पट्टा क्षणभरही मोकळा राहता कामा नये. नाडी तुटली की बाईंचा फोन. नऊ वर्षांच्या शाल्मलीने दोन्ही नेम पाळले होते. पेटीवर बसायच्या आधी ती पहिल्या रांगेत खांबाला टेकलेल्या दत्तूनानांच्या मनगटाला पट्टा बांधायची, आणि आरती झाली की सोडून घ्यायची. देवळात चपला काढाव्यात इतकं ते अंगवळणी पडलं होतं, म्हणून कुणाला ते सांगावंसं किंवा आठवावंसंही वाटलं नव्हतं. आणि निवृत्त पोस्टमन दत्तूनाना गेली आठ वर्षं प्रत्येक कीर्तनाला पूर्वरंगात डुलक्या घ्यायचे, उत्तररंगात घोरायचे, आणि संपलं की न चुकता म्हणायचे, “वा बाई, आज रंग भरला हो.”

“म्हणजे,” मुलाणी मॅडम सावकाश म्हणाल्या, “गोष्टी, गाणं, लोकांची गर्दी, असं सगळं जिथे होतं तिथली तुमच्या मुलीची नाडी…”

“सत्तरीच्या म्हाताऱ्याची आहे,” आत्या डोळे पुसत म्हणाली. “पुण्याच्या कॉलेजाला कळवा, तुम्हाला चौऱ्याण्णव टक्के जुळतात ते आमचे नाना. घेता का?”

बाबाही हसले. शाल्मलीही हसत होती, आणि हसता हसता ती एकदम थांबली.

“आत्या, मग ते काळीज कुणाचं थांबतंय?”

*

दत्तूनाना ओट्यावर वाल सोलत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि रागावले ते भलत्याच गोष्टीवर.

“मी झोपत नाही. मी डोळे मिटून ऐकतो. तंद्री लागते.”

“नाना, तंद्रीत कुणी घोरत नाही,” आत्या म्हणाली.

“तुला गाताना काय ऐकू येणार?”

शाल्मली त्यांच्याजवळ टेकली आणि वाल सोलायला लागली. “नाना, मागच्या महिन्यात देवळाच्या पायरीवर भोवळ आली होती ना?”

“पित्त.”

“आणि घरी झोप?”

नानांनी सोललेला वाल ताटात टाकला. मग म्हणाले, “ही गेल्यापासून घरी कुठे लागते. पडून असतो. तुझ्या आत्याने झांज वाजवली, की कसं कोण जाणे, वाटतं आता घरात माणसं जागी आहेत, आपण झोपलं तरी चालेल.” आणि आत्याकडे न बघता, “थोडा डोळा लागत असेल. थोडा.”

आत्याने मग चेष्टा केली नाही.

सस्त्यांनी नानांना दवाखान्यात ठेवून घेतलं, छातीला तारा लावल्या. जागेपणी ठोके ठीक होते. झोपेत काय होतं ते पाहायचं, तर नाना पहाटेपर्यंत छताकडे टक लावून पडलेले. “झोपेचं औषध देऊन उपयोग नाही,” सस्ते म्हणाले, “मग औषधाने काय झालं आणि मुळात काय होतं, ते कळणार नाही. तुमचा तो पट्ट्याचा आठ वर्षांचा साठा मिळाला तर एका मिनिटात निकाल लागेल.”

पण साठा डॉक्टरांना मिळे तो ज्याच्या नावाचा त्याच्याच उपचारासाठी. तो नानांचा आहे असं लिहून दिलं, की शाल्मलीचं प्रतिमान रद्द. प्रतिमान रद्द म्हणजे पुण्याची पक्की जागा गेली. मग नुसत्या गुणांवर अर्ज करायचे आणि देवावर भरवसा ठेवायचा. आणि राजूरला गेल्या वर्षी शेवटची जागा जितक्या गुणांना गेली, शाल्मलीचे गुण जेमतेम तेवढेच होते.

नानांनी पलंगावरूनच हात झटकला. “माझ्यापायी पोरीची जागा घालवाल तर बघा. मी शपथेवर सांगेन, असला पट्टा जन्मात पाहिला नाही.”

“थांबा,” बाबा म्हणाले. “घाई नको. दुसरी काहीतरी वाट असेल.”

“आहे ना,” आत्या म्हणाली. “त्यांना झोपवायचं आहे ना? आठ वर्षं मी दुसरं केलंय काय?”

*

डॉ. सस्त्यांच्या दवाखान्यात त्या दुपारी जे झालं तसं फलटणात पूर्वी झालं नव्हतं. वॉर्डच्या मधोमध औषधांची ढकलगाडी बाजूला करून आत्यासाठी सतरंजी घातली. कमरेला शेला बांधून ती उभी राहिली आणि आधी वाकून सतरंजीला नमस्कार केला, कारण जिथे उभं राहायचं ती नारदाची गादी. तबलजी मिळाला नाही. बाबांनी स्टीलचा डबा पुढ्यात घेतला आणि आगारात लोखंडी पाने आपटून कमावलेला ठेका धरला. शाल्मलीने पेटी नानांच्या पलंगाशी आणली. समोरच्या पडद्यावर नानांच्या ठोक्यांची हिरवी रेघ चालली होती.

नमन झालं. पाय प्लॅस्टरमध्ये असलेला एक पैलवान टाळ्या धरू लागला. पलीकडच्या पलंगावरची बाई सुई टोचलेला हात सांभाळत उठून बसली. नाना मात्र टक्क जागे.

“इतकी माणसं बघतायत, झोपू कसा?” ते पुटपुटले.

शाल्मलीने आत्याला खूण केली. आत्याने पद बदललं, पण शाल्मलीला पाहिजे होतं ते पद नव्हतं. पाहिजे होती गोष्ट. आत्याने सुदामा काढला आणि शाल्मलीने पेटीचा भाता अगदी हलका केला. एवढ्या वर्षांत तिला पाठ झालं होतं, की नानांचा डोळा गाण्यात लागत नाही, दोन पदांच्या मधे आत्या सांगायला लागते तिथे लागतो. मधल्या सुरावर ती नुसती रेंगाळत राहिली. पोह्यांची पुरचुंडी बांधून झाली आणि नानांचा जबडा सैल पडला.

सुदामा द्वारकेच्या वाटेवर असताना हिरवी रेघ सरळ झाली.

वॉर्डातली टाळी थांबली. सस्ते पुढे झाले. रेघ सरळच चालली होती, श्वास धरून ठेवणाऱ्याचा धीर सुटावा इतकी. आत्याचा आवाज मात्र तसूभर हलला नाही. ती नानांकडे बघत सांगत राहिली, जणू त्या काळजाला बोट धरून उठवत होती. आणि रेघेने एक उंच उडी घेतली, मग दुसरी, आणि चालू लागली.

“पुरे,” सस्ते कपाळ पुसत म्हणाले. “सापडलं. उद्याच पेसमेकर बसवू.”

“पुरे काय म्हणता?” पैलवान म्हणाला. “सुदामा अजून पोचला कुठे?”

आत्याने सुदाम्याला पोचवला. मग नानांनी डोळे उघडून म्हटलं ते सगळ्यांना ठाऊकच होतं, आणि सगळा वॉर्ड त्यांच्याबरोबर म्हणाला.

आवराआवर करून बाबा वळले तर शाल्मली पेटीपाशी नव्हती. सुईवाल्या बाईच्या पलंगावर ती कडेला बसली होती, आणि ती बाई तिला सांगत होती: माहेर, सासर, दुखणं, देणं, सगळं एकात एक. शाल्मलीचे दोन्ही हात मांडीवर होते आणि चेहरा त्या बाईकडे असा लागला होता, की बाबांनी डबा खाली ठेवला आणि हाक मारली नाही. तास गेला असेल. ते दाराशी उभेच राहिले.

*

सोमवार उजाडला. आता नानांचा आजार सापडला होता. लिहून द्यायची गरज उरली नव्हती, आणि लिहून दिल्याशिवाय केंद्र काही रद्द करत नसे. पट्ट्याची गोष्ट पाच-सहा माणसांत राहिली असती, आणि पुण्याची जागा खिशात होती.

केंद्राच्या दारात शाल्मली थांबली. “बाबा, पुण्याला गेले तरी मी डॉक्टरच होईन. चांगली होईन बहुतेक.”

“होशील.”

“आणि राजूर हुकलं तर कदाचित काहीच नाही. पुढच्या वर्षी परत परीक्षा.”

“हं.”

“तुम्ही काहीतरी बोला ना.”

“मी काय बोलू? परवा वॉर्डात त्या बाईने तुला काय सांगितलं?”

“खूप काही. पण मधेच म्हणाली, रात्री उशाला तीन उशा लागतात, आडवं पडलं की जीव घाबरतो. मी सस्त्यांना सांगितलं. त्यांनी फुप्फुसात पाणी आहे का बघितलं, तर होतं.”

“तिने त्यांना नव्हतं सांगितलं?”

“त्यांनी विचारलं, झोप लागते का. ती हो म्हणाली. लागते ना, तीन उशांवर.”

बाबांनी चपला काढल्या आणि दार ढकललं. “चल आत.”

मुलाणी मॅडमनी तिचं म्हणणं लिहून घेतलं. “एकदा रद्द झालं की पुढची दिसणार नाही,” त्या म्हणाल्या. “माणसांत तू कशी असशील, याची यंत्राला काहीच माहिती उरत नाही. पुन्हा भेटून घ्यायचंय का तिला?”

शाल्मलीने होकार दिला. पडदा उजळला. चष्म्यातून ती बाई तिच्याकडे बघत होती, थोडी झोपाळू, थोडी नाना.

“मी चुकीची आहे ना?” पुढचीने विचारलं.

“नाही. तू अर्धी दुसऱ्याची आहेस.”

“मग तू कशी होशील?”

“माहीत नाही,” शाल्मली म्हणाली, आणि ते म्हणताना तिला इतका आनंद झाला की तिचं तिलाच नवल वाटलं. पुडीतला अंगारा आत्याने पुढे होऊन काचेलाच लावला, दोघींच्या कपाळांच्या मधोमध. पडदा काळा झाला.

अर्जात तिने राजूर पहिलं घातलं, त्याच्याखाली धुळे, मग अंबाजोगाई. पुण्याचं नाव कुठेच घातलं नाही. तीन आठवडे घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. आईने नवस कुठल्या देवाला केला नाही ते विचारावं. यादी लागली त्या सकाळी बाबा आगारातच होते; त्यांनी नाव पाहिलं आणि उभ्या असलेल्या फलटण-सातारा गाडीचा भोंगा इतका वेळ दाबून धरला की कंट्रोलर धावत आला.

*

राजूरच्या वरच्या वाडीतलं तिच्या वाट्याचं पहिलं घर उतारावर होतं. बरोबर आलेल्या तिसऱ्या वर्षाच्या सुकन्याताईने दारातूनच सांगितलं, “या चंद्रीआजी. गुडघा बघायचा, लिहायचं आणि निघायचं. अजून चार घरं आहेत.”

आजीने दोघींना गूळ-पाणी दिलं. पाय लांब केला, लुगडं गुडघ्यावर ओढलं.

“कवापासून दुखतोय, आजी?” शाल्मलीने विचारलं.

“कवापासून म्हंजी,” आजी म्हणाली आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. “त्याचं आसं झालं पोरी, माझं लगीन झालं तव्हा मी पलीकडच्या खोऱ्यात व्हते. तिथं आमची एक तांबडी गाय व्हती…”

सुकन्याताईने उसासा सोडला आणि उंबऱ्याला टेकली.

शाल्मलीने पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला, आजीच्या पायाशी नीट मांडी घालून बसली, आणि तो दुखरा गुडघा दोन्ही तळव्यांत धरला.

“मग?” ती म्हणाली. “गायीचं काय झालं?”